बायकांच्या वतीने बोलायचं, तर आपलं मत कुठे ठेवायचं?

तिरफळ
नमस्कार मंडळी. एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्या कारणासाठी तुमचं डोकं खायला आलेय.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथे प्रत्येक भागात सरकारी प्रसूतिसेवेसाठी एक गट असतो, मॅटर्निटी अँड निओनेटल व्हॉइसेस पार्टनरशिप. २०१६च्या 'बेटर बर्थ्स' अहवालानंतर हे गट उभे राहिले. सुईणी, डॉक्टर, व्यवस्थापनाची माणसं आणि तिथे बाळंत झालेल्या बायका एका टेबलाशी बसतात. मी त्या शेवटच्यांपैकी. काम असं की बाळंतिणींना गाठायचं, काय वाटलं ते विचारायचं आणि बैठकीत मांडायचं.

सध्या एक माहितीपत्रक नव्याने लिहिणं चाललंय. आधी एक सीझर झालंय, आता दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचा की ठरवून सीझर, याबद्दल. आकडे इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे: प्रयत्न करणाऱ्यांपैकी ७२ ते ७५ टक्के बायकांची नॉर्मल होते, आणि कळांमध्ये जुन्या टाक्यांवर गर्भाशय फाटण्याचा धोका साधारण २००मध्ये एक. दोन्ही खरे. पण कुठला वर छापायचा यावरच अर्धी बैठक गेली.

माझं पहिलं सीझर, दुसरं नॉर्मल. म्हणजे पत्रकावर फोटो छापावा अशी मी! माझी नजर आपसूक ७५वर जाते. शेजारी बसणाऱ्या बाईंची २००मध्ये एकवर, आणि त्यांच्याकडे तशी कारणं आहेत.

आता खरी अडचण. एका आईने मला सांगितलं, "मला परत त्या खोलीत जायचंच नाही. तारीख द्या, त्या दिवशी येते, सीझर करा." बैठकीसाठी जो सारांश तयार झालाय त्यात हे असं उतरलंय: 'आधीच्या अनुभवामुळे काही महिलांना भीती वाटते, त्यांना अधिक मानसिक आधाराची गरज आहे.' सारांश माझा नाही, पण त्यावर शेवटचा हात फिरवायचं माझ्याकडे आलंय. तिने आधार मागितला नव्हता हो. तारीख मागितली होती.

बाकी नोंदी चाळल्या तर सगळीकडे तेच. नॉर्मल हवं म्हणणारीचं बोलणं 'निर्णय' म्हणून लिहिलेलं, सीझर हवं म्हणणारीचं 'भीती' म्हणून. मला स्वतःला वाचताना ते खटकायला वेळ लागला, कारण माझाही कल तिकडेच. आपलं मत घरी ठेवून अशा बैठकीला जाता येतं का? इथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, गावात काम करणारे आहेत, म्हणून विचारतेय. 'नॉर्मल भारी की सीझर' हा वाद कृपया नको, त्यावरचे धागे आधीच पेटलेले आहेत.

चहाचा_कप
आमची आजी शेतात बाळंत झाली आणि संध्याकाळी भाकऱ्या थापल्या. तिला कोणी फॉर्म भरायला दिला नव्हता. (हलके घ्या)

निवृत्त_सिस्टर
@चहाचा_कप, घेतलं हलकं. ज्या आज्या शेतातून परत आल्या नाहीत त्यांच्या गोष्टी सांगायला कोणी नाही, एवढंच. २००१-०३मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२०मध्ये ९७, महाराष्ट्रात ३३. हे भाकऱ्या थापून झालेलं नाही.

तिरफळताई, माझी नोकरी जिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये झाली. बाईला कधी विचारता यावर सगळं आहे. कळांमध्ये विचारा: "सिस्टर, सीझर करा पण सोडवा मला." यातल्या कितीतरी जणी बाळ छातीवर आलं की म्हणतात, बरं झालं ऐकलं नाहीत. दुसऱ्या दिवशी वॉर्डात विचारा: "सगळं छान." बाळ रडलं, दूध आलं, सासू डबा घेऊन आली. त्या वेळी तक्रार करणं म्हणजे बाळाला आपणच दृष्ट लावणं. शिवाय विचारणारी मी, गणवेशात, आणि अजून टाके काढायचे बाकी!

मग दीड महिन्याच्या डोसला येते. लस होते, बाळ रडून शांत होतं, आणि दाराशी चप्पल घालता घालता म्हणते, "सिस्टर, त्या रात्री त्या मावशींनी मांडीवर चापट मारली ना मला..." तोवर फॉर्म केव्हाच फायलीत गेलेला असतो.

यातलं खरं मत कुठलं, असं मला विचारू नका. सगळीच तिची. पण कागदावर 'कधी विचारलं' आणि 'कोणी विचारलं' हे तरी लिहा.

शून्यदशांश
सिस्टर, दंडवत.

तिरफळ, तुझं मत घरी ठेवलंस तरी फारसा फरक पडणार नाही, कारण गाळणी आधीच लागलेली आहे. तुझ्यापर्यंत कोण पोचतं? जिचं फार छान झालं ती आणि जिचं फार वाईट झालं ती. मधल्या बायका घरी झोप काढताहेत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आपल्याकडच्या वादांतही हीच गडबड होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सीझरचं प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४. महाराष्ट्रात सगळं मिळून २५.४, तेलंगणात ६०.७. हे आकडे घेऊन एक गट म्हणतो 'डॉक्टर कापताहेत', दुसरा म्हणतो 'हल्लीच्या मुलींना कळा नकोत'. दोघेही बायकांच्या मनातलं सांगताहेत आणि दोघांच्या हातात फक्त टाक्यांची मोजदाद. सरकारीतल्या १४ टक्क्यांत जिला हवं होतं आणि मिळालं नाही ती आहे का? खासगीतल्या ४७मध्ये जिला नको होतं ती किती? या आकड्यांतून ते निघत नाही.

खारीबटर
तिरफळ, मीही इकडेच असते. पहिल्याच वेळी सीझर मागून घेतलं. वैद्यकीय कारण काही नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या इथल्या 'नाइस' संस्थेची मार्गदर्शिका २०११पासून सांगते की बोलून, माहिती देऊन झाल्यावरही बाईला सीझरच हवं असेल तर ते मिळावं. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात भेटेल त्या प्रत्येकाने मला 'का' विचारलं. माझ्याबरोबरच दिवस गेलेल्या मैत्रिणीला नॉर्मल हवं होतं. तिला नऊ महिन्यांत एकदाही कोणी 'का' म्हणून विचारलं नाही.

आमच्या भागातल्या अशाच गटाच्या बैठकीला मी गेले होते. गोल करून खुर्च्या, चहा-बिस्किटं, बऱ्याच जणी बाळंतपणासाठीच्या श्वासाच्या नि संमोहनाच्या वर्गातून एकमेकींना ओळखणाऱ्या. ओळख करून देताना मी सीझर म्हटलं, तर एकीने हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार वाईट वाटलं ऐकून." मला वाईट वाटलेलंच नव्हतं! परत गेले नाही. आणि मी गेले नाही म्हणजे त्यांच्या अहवालात माझ्यासारखी कोणी नाही, आणि मग पुढच्या वर्षी 'अशी मागणी आमच्या भागात फारशी दिसत नाही'.

स्पष्ट बोलले, राग मानू नकोस. तू चांगल्या मनाने करत असशील, पण तो हात हातात घेणारीही चांगल्या मनाचीच होती.

डॉ. निवांत
तालुक्याच्या गावी छोटं प्रसूतिगृह चालवतो. आमच्याकडे प्रत्येक बाईबरोबर प्रतिनिधी येतोच, न नेमलेला. प्रश्न सुनेला, उत्तर सासूचं. "पाळी कधी चुकली?" यालासुद्धा. नवरा मोबाइलमध्ये.

पूर्वग्रहाबद्दल बोलायचं तर आमच्या जमातीचा ऐका. फाटलेलं गर्भाशय एकदा टेबलावर बघितलेला डॉक्टर ते विसरत नाही. पुस्तकात धोका २००मध्ये एक असतो, त्याच्या डोक्यात पुढचं वर्षभर २०मध्ये एक. मग तो समोरच्या बाईला म्हणतो, "करू की प्रयत्न, पण बाळाच्या जिवाची हमी मी देणार नाही." या वाक्यापुढे कोणती आई प्रयत्न करू म्हणेल? आणि फायलीवर चढतं: 'रुग्ण व नातेवाईक सीझरचा आग्रह धरत आहेत.' खाली सही, साक्षीदार, सगळं रीतसर.

माझ्याकडे सीझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न मी करत नाही. रात्री भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावाहून येतात, रक्तपेढी जिल्ह्याला. पण ते मी तसंच सांगतो: "बाई, तुझं होऊ शकेल, माझ्याकडे सोय नाही. मेडिकल कॉलेजला चिठ्ठी देतो." पेशंट जातो, नुकसान होतं, गावात 'डॉक्टरला जमत नाही' अशी बोंबही होते. तरी आपल्या अडचणीला तिची इच्छा म्हणायचं नाही, एवढं पाळतो.

कलम_कसाई
वकील आहे, आयडी जुना आहे, हसू नका.

हा नेमका प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे: माँटगोमेरी विरुद्ध लॅनार्कशर हेल्थ बोर्ड, निकाल २०१५चा. आई उंचीने लहान, मधुमेही. अशा बाळंतपणात बाळाचे खांदे अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के. बाळ बाहेर येईल की नाही अशी काळजी तिने बोलून दाखवली होती. डॉक्टरांनी हा धोका सांगितला नाही. खांदे अडकले, १९९९मध्ये जन्मलेल्या त्या मुलाला कायमचं अपंगत्व आलं. कोर्टात डॉक्टरांचं म्हणणं असं की हे सांगत बसलं तर प्रत्येक बाई सीझर मागेल आणि ते बायकांच्या हिताचं नाही. एका डॉक्टरने हजारो बायकांच्या वतीने ठरवून टाकलं होतं, तेही त्यांचं भलं चिंतून. न्यायालयाने म्हटलं की या जागी असलेल्या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा. बाकीचे डॉक्टर सांगत नाहीत हा बचाव पुरणार नाही.

आपल्याकडचं २००८चं समीरा कोहली प्रकरण प्रसूतीचं नाही, पण डॉ. निवांत यांनी सांगितलेल्या सासूबाईंना चपखल बसतं. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून भूल दिली, मग बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, जीव धोक्यात नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, आईची संमती चालणार नाही. मात्र किती माहिती द्यायची याचं माप आपल्या न्यायालयाने पाश्चात्त्य देशांइतकं कडक ठेवलं नाही, हेही तितकंच खरं.

चहाचा_कप
बरं, आता गंभीरपणे विचारतो. गुरुपुष्य बघून, बारा वाजून इतकी मिनिटं असा मुहूर्त काढून सीझर मागणारे आहेत. तेही 'महिलांचं मत' म्हणून मांडणार का?

डॉ. निवांत
मुहूर्ताची चिठ्ठी माझ्या टेबलावर बाईने स्वतः कधी ठेवलेली नाही. सासरे ठेवतात. उत्तर मिळालं असेल.

खारीबटर
नाही मिळालं. ठेवली एखादीने स्वतः, तर? तिचं कारण तुम्हाला मूर्खपणाचं वाटलं म्हणून ती मोजायची नाही?

डॉ. निवांत
मोजायची. मागणी ऐकणं वेगळं आणि पुरवणं वेगळं. दिवस भरलेत का ते बघून मी हो किंवा नाही म्हणेन. पण नोंदवही माझ्या हातात असेल तर लिहीन 'मुहूर्तासाठी'. 'भीती' नाही लिहिणार.

गोदाकाठ
वाचतेय. थोडं गावाकडून.

महाराष्ट्रात २००७पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, पहिल्यांदा अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. गावपातळीवर समित्या, मग जनसुनवाई, समोर अधिकारी बसलेले. औषध नाही, गाडी आली नाही, पैसे मागितले, असल्या गोष्टी तिथे दणक्यात मांडल्या जायच्या आणि सुटायच्याही. मी अशा सुनवायांना हजर राहिलेय.

पण बाळंतपणाचा विषय निघाला की माइक पुरुषाच्या हातात. "माझ्या मंडळींना रात्री दोनला दवाखान्यात नेलं..." गाडी किती वाजता आली, पेट्रोलला किती गेले, हे सगळं चोख. आत काय झालं ते त्याला माहीतच नसतं, तो बाहेर बाकड्यावर होता. जिला माहीत आहे ती मागे सतरंजीवर बाळाला पाजत बसलेली. शंभर माणसांसमोर, त्यात चुलतसासरे, टाक्यांबद्दल काय बोलणार? मग अहवालात बाळंतपणाच्या तक्रारी म्हणजे गाडी आणि पैसे. वाचणाऱ्याला वाटतं, बायकांना बाकी काही म्हणायचं नव्हतं.

आम्ही नंतर सुनवाईच्या आधी अंगणवाडीत फक्त बायकांना बसवायला लागलो. तिथे निघालेली पहिली गोष्ट: पडदा नव्हता. लेबर टेबल दाराच्या समोर आणि दार उघडं. नॉर्मल की सीझर हा विषय कोणी काढलाच नाही. तेव्हा तिरफळताई, तुमचं माहितीपत्रक ज्या प्रश्नावर आहे तो प्रश्न बायकांचा आहे की समितीचा, हेही एकदा बघा.

तिरफळ
बाप रे, कामावरून आले तर एवढं! एकेकाला उत्तर देते.

@गोदाकाठ, पडद्याचं वाचून थांबलेच. आमच्याकडे पत्रकाचा विषय रुग्णालयाने दिला, बायकांनी नाही. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

@खारीबटर, राग नाही. उलट थोडा इतिहास सांगते, म्हणजे तुला त्या खुर्च्या गोल का होत्या ते कळेल. इथे आयांच्या वतीने बोलणारी सगळ्यात मोठी संस्था नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट. १९५६मध्ये ती सुरू झाली तेव्हा नाव होतं नॅचरल चाइल्डबर्थ असोसिएशन. म्हणजे आधी मत होतं, त्याभोवती बायका जमल्या, आणि मग तो आवाज 'आयांचा आवाज' झाला. त्या काळी त्याची गरजही होती. बाईला न विचारता एनिमा देणं, खालचे केस काढणं, पाय बांधणं चालायचं आणि त्याविरुद्ध याच बायका भांडल्या. आज नवरा लेबर रूममध्ये असतो तो काही डॉक्टरांच्या कृपेने नाही.

पण पुढे काय झालं तेही बघा. सुईणींच्या रॉयल कॉलेजने २००५मध्ये नॉर्मल प्रसूतीची मोहीम काढली. सीझरचं कमी प्रमाण म्हणजे चांगलं रुग्णालय, असं मोजलं जाऊ लागलं. २०१५ला फर्नेस रुग्णालयाबद्दलचा कर्कप अहवाल आला: अकरा बाळं आणि एक आई वाचू शकली असती, आणि कारणांपैकी एक म्हणजे काही सुईणींचा 'काहीही करून नॉर्मल' हा हट्ट. मोहीम २०१७ला गुंडाळली. मार्च २०२२मध्ये श्रूसबरीबद्दलचा ऑकेंडन अहवाल, २०१ बाळं कदाचित वाचली असती. त्या रुग्णालयाचं सीझरचं प्रमाण कमी म्हणून कौतुक व्हायचं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी सरकारी आरोग्यसेवेने रुग्णालयांना कळवलं होतं की सीझरच्या एकूण टक्केवारीवर कामगिरी मोजू नका.

माझं दुसरं बाळंतपण सुंदर झालं. ते खोटं ठरत नाही. पण माझ्यासारख्यांच्या सुंदर गोष्टी वर्षानुवर्षं मोठ्याने सांगितल्या गेल्या आणि त्या अहवालांतल्या कुटुंबांचं पत्र कुठल्याशा खणात पडून राहिलं, हे दोन्ही एकाच काळात झालं.

डॉ. निवांत
अहवाल वाचलेत. एक कडवट गोष्ट बोलू? आता लंबक दुसरीकडे गेलाय. ज्यांचं बाळ गेलं त्यांच्यापुढे बैठकीत कोण तोंड उघडणार? त्यांचं दुःख खरंच आहे, पण त्या खोलीत मग ७५ टक्के हा आकडा उच्चारणंही असभ्य वाटेल. तोही पूर्वग्रहच.

खारीबटर
डॉक्टर, त्यांना वीस वर्षं खोलीत येऊ दिलं नव्हतं. आल्या आल्या 'लंबक' म्हणायची घाई?

डॉ. निवांत
मान्य नाही, पण तुमचा राग समजतो. पुढे चला.

शून्यदशांश
दोघांचंही एकाच कागदावर बसतं. सारांश हा प्रकारच रद्द करा. 'काही महिलांना', 'बऱ्याच जणींना' ही वाक्यं लिहिणाऱ्याच्या कलाने वाकतात. बाई जे बोलली ते तिच्या शब्दांत, पुढे रकाने: कितवं बाळंतपण, विचारलं केव्हा, विचारलं कोणी, दुभाषी होता का, आणि सोबत खोलीत कोण होतं. शेवटी एक रकाना, ज्यांच्यापर्यंत पोचलोच नाही त्यांचा.

तिरफळ
दुभाष्याचा रकाना हवाच. आमच्या भागात पंजाबी, गुजराती, बंगाली बायका बऱ्याच, थोड्या मराठीही. मातृमृत्यूचे राष्ट्रीय अहवाल अनेक वर्षं सांगताहेत की आशियाई बायकांना इथे गोऱ्या बायकांपेक्षा जास्त धोका आहे. आणि त्यांच्याच नोंदी सर्वांत गुळमुळीत: 'समाधानी'. रुग्णालय दुभाषी देतं, पण पुष्कळदा नवराच म्हणतो, कशाला, मी आहे ना. एकदा तपासणीच्या खोलीत मी बसले होते. ती पाच मिनिटं हिंदीत सांगत होती की पाठीतलं इंजेक्शन हवंय, कोणी दिलं नाही, तीनदा मागितलं. नवऱ्याने इंग्रजीत केलं: "ती म्हणते, थोडा त्रास झाला, पण आता ठीक आहे." त्याला लपवायचं नव्हतं. त्याला लवकर घरी जायचं होतं.

तर ठरवलंय ते असं. सारांशातलं ते 'आधाराची गरज' वाक्य काढून तिथे तिचं वाक्य जसंच्या तसं, तारखेच्या मागणीसकट. शून्यदशांशचे रकाने. बैठकीच्या सुरुवातीला मी माझी दोन्ही बाळंतपणं सांगणार, म्हणजे मी ७५वर बोट ठेवलं की लोकांना कळेल का ठेवलं. पत्रकात दोन्ही आकडे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात. आणि गोदाकाठचा प्रश्न लेखी विचारणार, की हा विषय कोणी निवडला.

निवृत्त_सिस्टर
छान. दीड महिन्याच्या लसीचं विसरू नका. तिथे एक खुर्ची टाकून बसा, फॉर्म नको.

खारीबटर
सगळं ठीक, पण तिच्या शब्दांत म्हणालीस तरी शंभरातली कुठली दहा वाक्यं बैठकीत जाणार हे तूच निवडणार ना?

तिरफळ
हो, आणि मला तेच नकोय. नावं, गाव, तारखा काढून पूर्ण यादी तुला दाखवायची परवानगी मी गटाच्या अध्यक्षांकडून घेते. तू दहा काढ, मी दहा काढते, न बघता. जिथे जुळणार नाहीत ती सगळी जातील. चालेल?

खारीबटर
चालेल. परवानगी मिळाली की खासगी निरोप कर. बुधवारी माझी नाइट असते, गुरुवारी दुपारनंतर बघेन.

चहाचा_कप
आणि मी चुकून या धाग्यावर आलो होतो, आळिवाच्या लाडवांची कृती शोधत. बायकोचे दिवस भरत आलेत. कृती मिळाली नाही, पण घरी जाऊन तिला विचारलं की तुला काय हवंय. म्हणाली, "आधी तुझ्या आईला सांग की तपासणीला सोबत येऊ नकोस." आता ते कोण सांगणार?